पातेल्यात सापडलेला तित्तर : उडझुंग्वाच्या डोंगरजंगलातला पक्षी

विभाग : निसर्ग आणि वन्यजीवन

मेघदरी | शनिवार, सकाळी १०:१२

तित्तर म्हटलं की आपल्याला माळरान आठवतं. बाभळी, तुरीचं शेत, बांधावरून तुरुतुरु पळणारी जोडी आणि सकाळच्या उन्हात घुमणारा तो खणखणीत आवाज. पण तित्तरांच्या गोतावळ्यातले काही पक्षी असे आहेत की त्यांना ऊन जेमतेमच भेटतं. उष्ण कटिबंधातल्या उंच डोंगरांवर, ढगात बुडालेल्या सदाहरित जंगलात, पाचोळ्यावर त्यांचं सगळं आयुष्य जातं. त्यातल्या एकाबद्दल गेले काही महिने मिळेल ते वाचते आहे. त्याच्याबद्दल मराठीत कुठे फारसं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

१९९१ साली डेन्मार्कचे काही पक्षी-अभ्यासक टांझानियातल्या उडझुंग्वा डोंगरांत काम करत होते. जंगलातल्या मुक्कामावर जेवणाच्या पातेल्यात त्यांना पक्ष्याचे दोन पाय दिसले. पाय ओळखीचे वाटेनात. मग तो पक्षी जिवंत शोधण्याची खटपट सुरू झाली, आणि १९९४ मध्ये लार्स डिनेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. जात नवी होतीच, शिवाय ती आधीच्या कुठल्याच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत जीनस) बसेना, त्यामुळे प्रजातीही नवी मांडावी लागली : झेनोपर्डिक्स उडझुंग्वेन्सिस. विसावं शतक संपत आलेलं असताना पक्ष्यांची एक अख्खी नवी प्रजाती मिळणं ही फार मोठी गोष्ट होती.

पक्षी साधारण २९ सेंटिमीटर लांब, वजनाला पाव किलोच्या आत. पाठ तपकिरी आणि तिच्यावर ठसठशीत आडव्या रेघा, चेहरा तांबूस, पोट राखाडी, चोच लाल, पाय पिवळे. नर-मादी दिसायला सारखेच. लहान थव्याने जंगलात चालत राहतात, पाचोळा उलथतात आणि खालचे भुंगेरे, मुंग्या, पडलेल्या बिया टिपतात. रात्री मात्र जमिनीवर थांबत नाहीत, झाडाच्या फांदीवर चढून झोपतात.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते त्याच्या नात्यागोत्याने. आफ्रिकेत तित्तरांसारखे दिसणारे फ्रँकोलिन ढीगभर आहेत, पण हा त्यांचा जवळचा नाही. त्याचे सख्खे भाऊबंद आशियात आहेत. आर्बोरोफिला नावाची डोंगरी तित्तरांची प्रजाती आहे, तिच्यात वीसेक जाती, हिमालयापासून तैवान, हैनान, सुमात्रा, बोर्निओ, जावापर्यंत पसरलेल्या. पहिल्या शोधनिबंधातच हा आशियाई धागा नोंदवला होता आणि पुढे जनुकीय अभ्यासातही तो टिकला. अभ्यासकांचं म्हणणं असं की लाखो वर्षांपूर्वी, मायोसीन काळात, अरबस्तानच्या बाजूने आफ्रिका आणि आशिया यांच्यात जंगलांचा दुवा होता. पुढे मधला प्रदेश कोरडा पडला, जंगल गेलं, आणि पूर्व आफ्रिकेच्या या डोंगरांवर तेवढं ते टिकून राहिलं, कारण हिंदी महासागरावरून येणारं बाष्प तिथे अडतं. केनियातल्या टैटा टेकड्यांपासून दक्षिणेला उडझुंग्वापर्यंतच्या या डोंगरमाळेला ईस्टर्न आर्क म्हणतात.

आता मला जे म्हणायचं आहे ते. या पक्ष्याला शोधून काढलं ते दुर्बिणीने नव्हे. तिथले शिकारी त्याला आधीपासून ओळखत होते, पकडत होते, शिजवत होते. डोंगरजंगलातले जमिनीवरचे पक्षी बाकीच्या जगाला बहुतेक वेळा असेच सर्वांत शेवटी कळतात, आणि संपतात तेही तसेच, कुणाच्या लक्षात न येता. एकही झाड न तोडता जंगलातली जमीन रिकामी करता येते. उपग्रहाच्या चित्रात ते जंगल पूर्वीसारखंच गर्द हिरवं दिसतं, आकडेवारीत वनाच्छादन शाबूत असतं, आणि खाली पाचोळा उलथणारं कोणी उरलेलं नसतं. आपण जंगल मोजताना वर बघतो. खालीही बघायला हवं, असं मला फार आतून वाटतं.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी, विशेषतः कोकत्री (आपल्याकडचा जमिनीवर फिरणारा, तित्तरासारखा रानपक्षी) जवळून पाहिलेल्यांनी, जरूर लिहावं.

साधना_क | शनिवार, सकाळी ११:०५

फार सुरेख लिहिलं आहेस. एक प्रश्न, अगदी अनभिज्ञ म्हणून. कोंबडीच्या पिल्लाएवढा तरी पक्षी आहे, रंगीत चोच आहे, थव्याने फिरतो. मग १९९१ पर्यंत कोणाला कसा दिसला नाही?

मेघदरी | शनिवार, सकाळी ११:४०

साधना, तीन-चार कारणं एकत्र येतात. हा पक्षी एन्डुन्डुलू, न्युंबानिटू अशा मोजक्या जंगलांतच आहे आणि तीही डोंगराच्या अंगाखांद्यावर बरीच उंच. तिथे पायी चढून जावं लागतं. दुसरं, या कुळातले पक्षी धोका जाणवला की उडत नाहीत, आधी गोठल्यागत थांबतात आणि मग झुडपाआडून चालत निघून जातात. पाचोळ्यावर तपकिरी पाठ आणि आडव्या रेघा म्हणजे समोर असूनही न दिसण्याचीच सोय. तिसरं, संशोधकांची जाळी हवेत बांधलेली असतात, उडणाऱ्या पक्ष्यांसाठी. चालणारा पक्षी त्यात सहसा येत नाही.

आणि असं घडलेला हा एकटाच पक्षी नाही. काँगोच्या मोराची गोष्ट आठव. जेम्स चॅपिन यांना १९१३ मध्ये काँगोच्या जंगलात एका माणसाच्या शिरोभूषणात खोचलेलं एक पीस मिळालं. ते कोणत्या पक्ष्याचं हे उलगडायला १९३६ साल उजाडलं. बेल्जियममधल्या टेर्व्हुरेनच्या संग्रहालयात त्यांना पेंढा भरलेले दोन पक्षी दिसले, त्यांच्यावर भारतीय मोराची पिल्लं असल्याची चिठ्ठी होती. तिथून पुढे आफ्रिकेचा स्वतःचा मोर जगाला माहीत झाला. तिथे पीस, इथे पाय.

रानभूल | शनिवार, दुपारी १:२०

+१. वाचतोय. फोटो असतील तर टाका.

दारेसलामकर | शनिवार, रात्री ९:५५

मेघदरी ताई, हा धागा बघून राहवलं नाही. नोकरीनिमित्त बरीच वर्षं दार-ए-सलामला आहे, उडझुंग्वाला जाणं होतं, म्हणून थोडं तिथल्या जमिनीवरचं सांगतो.

दारपासून साधारण साडेतीनशे किलोमीटर. मिकुमीपर्यंत हमरस्ता, मग डावीकडे किडाटूच्या अंगाने उसाच्या मळ्यांतून रस्ता जातो आणि उजव्या हाताला डोंगराची भिंत उभी राहते. मांगुला गावाशी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आहे. उद्यान १९९२ चं, क्षेत्रफळ १,९९० चौरस किलोमीटर. बहुतेक लोक सांजेचा धबधबा बघून परततात. त्याच जंगलात सांजे मँगाबे हे माकड राहतं, तेही जगाला १९७९ मध्येच कळलं.

पण तुमचा तित्तर या बाजूला नाही. पूर्वेकडचा उतार मैदानापासून एकदम चढतो आणि पर्यटक तिकडूनच येतात. एन्डुन्डुलूला जायचं तर पश्चिमेकडून, उडेक्वा गावातून चढावं लागतं. वरचं हवामान खालच्यापेक्षा अगदी निराळं. खाली किलोम्बेरोच्या खोऱ्यात घामाने निथळायला होतं, वर स्वेटर लागतो. झाडांच्या खोडांना शेवाळ आणि नेचे लटकलेले, हवा ओलीगच्च. जमिनीवर पाचोळ्याचा थर इतका जाड की पाऊल टाकल्यावर आधी दबतं आणि मग खाली काहीतरी टणक लागतं. थंडीमुळे वर पाचोळा सावकाश कुजतो, म्हणून तो साठून राहतो, आणि त्या थरातच किडामुंगी, गोगलगायी, अळ्या यांचं राज्य असतं. तित्तराचं सगळं पोट त्यावर.

वाटाड्या सोबत असला की तो पक्षी दाखवत नाही, आधी जागा दाखवतो. पाचोळ्यात ताटाएवढी, दोन ताटांएवढी जागा मोकळी केलेली असते, काळी माती वर आलेली, कडेला ओली पानं उलटी पडलेली. पानांची खालची बाजू अजून ओली असेल तर थवा नुकताच पुढे गेलेला असतो. वाळली असेल तर सकाळचं काम. असं एकेक जागा बघत माग काढतात.

या जंगलातून आणखी काय काय निघालं बघा. किपुंजी माकडाचं वर्णन २००५ मध्ये झालं, ते रुंग्वे डोंगराच्या बरोबरीने एन्डुन्डुलूतही आहे. राखाडी तोंडाचा सेंगी, म्हणजे लांब सोंडेसारख्या नाकाचा पाचोळ्यात फिरणारा छोटा प्राणी, तोही एन्डुन्डुलूचाच, २००८ मध्ये जगासमोर आला, आणि तो पहिल्यांदा टिपला गेला जमिनीजवळ बांधलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात. तुमचं 'खालीही बघायला हवं' हे इथे अक्षरशः लागू पडतं.

एन्डुन्डुलू आणि न्युंबानिटू आता किलोम्बेरो निसर्ग राखीव क्षेत्रात आहेत, ते २००७ चं. त्यामुळे संरक्षण वाढलं, पण राखणदार कमी आणि डोंगर मोठा. ईस्टर्न आर्कचं मूळ जंगल आज एक तृतीयांशही शिल्लक नाही, हे लक्षात घेतलं की उरलेल्या तुकड्यांची किंमत कळते.

उत्क्रांत | रविवार, सकाळी ८:३०

दोन मुद्द्यांची भर.

एक. रुबेहो डोंगरांतही, उडझुंग्वाच्या उत्तरेला, याच पक्ष्यांची आणखी एक वस्ती सापडली. तिथल्या पक्ष्यांत फरक दिसले म्हणून २००३ मध्ये ती उपजात म्हणून मांडली गेली, आणि २००५ मध्ये जनुकीय पुराव्यावरून तिला स्वतंत्र जात म्हणावं असा प्रस्ताव आला. म्हणजे एकेका डोंगरावर एकेक वस्ती अडकून पडली आणि आपापल्या वाटेने बदलत गेली. मधल्या कोरड्या सखल भागातून हे पक्षी चालत जाणार नाहीत, आणि लांब उडायची त्यांची सवय नाही. समुद्रातल्या बेटांवर जे घडतं तेच इथे डोंगरमाथ्यांवर.

दोन. कोकत्रीचा उल्लेख झाला म्हणून. सह्याद्रीतली कोकत्री या तित्तरांची जवळची नातेवाईक नाही. तिची गॅलोपर्डिक्स ही प्रजाती फक्त भारत-श्रीलंकेतली आहे आणि जनुकीय अभ्यासात ती बोर्निओच्या लालडोक्या तित्तराच्या आणि मोर-फेझंटांच्या जवळ जाते. आर्बोरोफिला मात्र दक्षिण भारतात एकही नाही. हिमालय आणि ईशान्य भारतात चार जाती आहेत आणि मग थेट टांझानियात भाऊबंद. सह्याद्रीत बरेच हिमालयी जीव पोहोचलेले दिसतात. ते सातपुड्याच्या वाटेने आले असावेत ही सुंदरलाल होरा यांची कल्पना १९४०च्या दशकातली, त्यांनी ती डोंगरी ओढ्यांतल्या माशांवरून मांडली होती. पण डोंगरी तित्तर त्या वाटेने आलेले दिसत नाहीत. त्यांची जागा, म्हणजे ओल्या जंगलातला पाचोळा उकरण्याचं काम, आपल्याकडे कोकत्री आणि रानकोंबडा यांनी सांभाळलं आहे. नातं नाही, पण धंदा तोच.

कोयनाकाठ | रविवार, रात्री ८:१५

मेघदरी ताईंनी बोलावलं म्हणून लिहितो. आमचं गाव पाटण तालुक्यात, घरामागे थेट जंगल. कोकत्री लहानपणापासून ऐकतोय. ऐकतोय म्हणालो, कारण दिसते फार कमी.

पहाटे उजाडायच्या आधी कारवीच्या दाटीतून किंवा मेसाच्या बेटातून आवाज सुरू होतो. आधी घशातल्या घशात 'क्र्र क्र्र' आणि शेवटी झटका देऊन 'क्वेक'. एक ओरडली की जोडीदार लगेच साथ देतो, दोघांचा आवाज इतका गुंफलेला असतो की एकच पक्षी आहे असं वाटावं. पाचेक मिनिटं हा गोंधळ चालतो, मग बंद. त्यानंतर दिवसभर काय तो पाचोळ्याचा आवाज. आणि तो आवाज ओळखू येतो. सरडा पळाला तर सरळ रेघेत सळसळ होते. सातभाई आले तर चहूकडून आणि बडबडीसकट. कोकत्री असली की 'खस्स, खस्स' आणि मग थांबा. पुन्हा 'खस्स, खस्स' आणि थांबा. दोनदा पाय मारायचे, मान खाली घालून बघायचं, घरात तांदूळ निवडतात तितक्या निगुतीने एकेक दाणा उचलायचा.

नराच्या पायामागे हाडाचे टोकदार काटे असतात, एकेका पायाला बहुधा दोन, कधी जास्तही, बऱ्याच माद्यांनाही असतात. डोळ्याभोवती लाल कातडी, पाय लाल. जमिनीवर झुडपाच्या बुडाशी पानांवर तीन ते पाच अंडी घालते. हिचा विणीचा हंगाम जानेवारी ते जून, आणि नेमके तेच वणव्याचे महिने. गवत चांगलं फुटतं म्हणून कोणीतरी डोंगराला काडी लावतं, आग कारवीत शिरते, मोठी झाडं वाचतात आणि खालचं सगळं जातं. पुढच्या पावसाळ्यात डोंगर पुन्हा हिरवागार. ताई म्हणतात तेच, वरून बघणाऱ्याला काही झालंच नाही.

आता फासकीबद्दल. डुकरासाठी क्लच वायरची फासकी लावतात हे सगळ्यांना माहीत आहे, बिबटे अडकल्याच्या बातम्या येतात. पण जमिनीवरच्या पक्ष्यांसाठीची फासकी वेगळी आणि ती बातमीत येत नाही. काटक्या आणि झुडपं रचून गुडघ्याएवढंही उंच नाही असं कूड करतात, लांबच लांब, उताराच्या आडवं. मध्ये मध्ये वीतभर रुंदीची फट ठेवतात. फटीत बारीक वायरचा नाहीतर नायलॉनचा फास, वाकवलेल्या फोकाला बांधलेला. कोकत्रीला ते कूड उडून सहज ओलांडता येईल. पण ती उडत नाही. समोर आडोसा आला की त्याच्या कडेकडेने चालत राहते आणि पहिली फट मिळाली की मान आत घालते. फोक सुटतो. एवढंच. जी सवय तिला घारीपासून, रानमांजरापासून वाचवते तीच इथे गळ्याशी येते. आणि फासकी लावणाऱ्याने ती काढली नाही तर हंगाम संपला तरी ती तिथेच धरत राहते, कोकत्री, रानकोंबडी, साळिंदर, जे येईल ते. कुजून जातं, खायलाही कोणी येत नाही.

मी आता रानात गेलो की असं कूड दिसलं तर मोडतो आणि वनरक्षकाला जागा सांगतो. गावातली तरुण पोरंही हे करू लागलीत.

रोखठोक | रविवार, रात्री १०:४०

चांगली चर्चा आहे, पण एक बाजू राहते. त्या टांझानियाच्या खेड्यातल्या माणसाने तित्तर धरून पातेल्यात घातला तर तो गुन्हेगार, आणि त्याच पक्ष्याला मारून संग्रहालयाच्या खणात ठेवणारा शास्त्रज्ञ, हे कसं? डोंगरात राहणाऱ्याला मांस मिळायची दुसरी सोय नसते. शहरात बसून पाचोळ्याची काळजी करणं सोपं आहे.

निशिगंध | सोमवार, सकाळी ७:५०

रोखठोक, तुमच्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचं उत्तर आपल्या पुण्याशीच जोडलेलं आहे. रमणा अत्रेय हे पुण्यात रेडिओ-खगोलशास्त्रात काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांना अरुणाचलच्या ईगलनेस्ट अभयारण्यात १९९५ मध्ये एक अनोळखी पक्षी दिसला, आणि तो नवा आहे अशी खात्री पटली तेव्हा, २००६ मध्ये, त्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. बुगुन लिओसिक्ला. पक्षी इतके थोडे होते की त्यांनी एकही मारला नाही. जाळ्यात धरून फोटो काढले, मापं घेतली, गळून आलेली पिसं पुरावा म्हणून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. नव्या जातीसाठी मेलेला नमुना हवाच, या जुन्या रीतीला तो मोठा अपवाद ठरला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. माझ्या मते त्यांनी केलं ते योग्यच होतं.

दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तरही तिथेच मिळतं. पक्ष्याला नाव दिलं ते तिथल्या बुगुन लोकांचं. २०१७ मध्ये सिंगचुंगच्या बुगुन लोकांनी स्वतःच्या मालकीच्या जंगलातलं १७ चौरस किलोमीटर सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. गस्त घालणारी मुलं गावातली आहेत. ज्यांना शिकारीच्या वाटा माहीत होत्या त्यांनाच राखणीचं काम आणि पगार मिळाला.

ईगलनेस्टचं सांगितलं कारण या धाग्यातले डोंगरी तित्तर तिथेच ऐकले आहेत. खालच्या उतारावर तांबड्या गळ्याचा, वरती साधा डोंगरी तित्तर आणि लामा कॅम्पच्या आसपास, साधारण २,३०० मीटरवर, तांबूस छातीचा. हा शेवटचा फक्त पूर्व हिमालयातला, दार्जिलिंगपासून अरुणाचलपर्यंत. त्याच्या शास्त्रीय नावात दार्जिलिंगचे चहामळेवाले लुई मँडेली आहेत. पहाटे धुक्यातून एक लांब, किंचित चढत जाणारी शीळ येते. मग तीच पुन्हा, थोडी वर. मग दुसऱ्या उतारावरून दुसऱ्या जोडीची. रस्त्यावर उभं राहून दरीतल्या किती जोड्या आहेत हे कानांनी ठरवता येतं. एकही पीस दिसत नाही.

कोयनाकाठ | सोमवार, दुपारी १:३०

रोखठोक साहेब, तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही. आमच्या आज्याच्या पिढीत सणावाराला शिकार व्हायची, कोणी पाप मानत नव्हतं. पण आत्ता जे लावतात ते भुकेपोटी नाही. आमच्याकडे कोंबडीचं दुकान नाक्यावर आहे. फासकीतला माल हायवेच्या कडेला ओळखीच्या ढाब्यावर जातो, 'रानातलं' म्हणून जास्त पैसे मिळतात. पूर्वी एक माणूस एक फास लावून संध्याकाळी बघून यायचा. आता वायर स्वस्त आहे, एकाच दिवशी अख्खा उतार बांधून टाकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहेच, पण कायद्यापेक्षा मला हे जास्त लागतं की पहाटेचा आवाज आमच्या एका कड्यावरून बंद झाला आहे. जंगल तेवढंच आहे.

सिंगापूरकर_मी | सोमवार, संध्याकाळी ६:१०

कोयनाकाठ यांनी कुडाचं जे वर्णन केलं आहे तेच आग्नेय आशियात अवाढव्य प्रमाणावर चालतं. कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाममधल्या संरक्षित जंगलांत मिळून १ कोटी २० लाखांहून अधिक फासे असावेत असा अंदाज डब्ल्यूडब्ल्यूएफच्या २०२० च्या अहवालात आहे. बहुतेक मोटरसायकलच्या ब्रेकच्या वायरचे. डोंगरी तित्तर, फेझंट, सगळे त्यात येतात, कारण सगळे चालणारे.

उलट बाजूही पाहिली आहे. मलेशियात फ्रेझर्स हिलला मलायी डोंगरी तित्तर वस्तीच्या कडेला येऊन खरकटं टिपतो. जिथे त्याला कोणी धरत नाही तिथे हा पक्षी इतका बुजरा राहत नाही. व्हिएतनाममध्ये दा लातच्या डोंगरात स्थानिक लोकांनी कापडी आडोसे उभारले आहेत. समोर थोडी जागा साफ करून अळ्या ठेवतात, तुम्ही आत गप्प बसायचं. तांबड्या गळ्याचे तित्तर चालत येतात, पाच-सात पावलांवर. फी त्या माणसाला मिळते. पक्ष्यांना असं खायला घालणं कितपत बरं यावर वाद आहे आणि मला स्वतःला ते पूर्ण पटत नाही, पण ज्या उतारावर आडोसा आहे त्या उतारावर फास लागत नाहीत हेही खरं.

तिथेच पहिल्यांदा नीट पाहिलं की हा पक्षी पानं नुसती पायाने उडवत नाही. मोठं पान असेल तर चोचीत कडेने धरतो, अंगाबाहेर बाजूला ठेवतो, खालची ओली माती बघतो आणि मगच पाय मारतो. लहान पानांना सरळ पाय.

मेघदरी | सोमवार, रात्री ९:२०

किती मिळालं या धाग्यात! दारेसलामकर दादा आणि कोयनाकाठ दादा, तुम्ही दोघांनी जे लिहिलंत ते कुठल्या पुस्तकात मला सापडलं नसतं.

रोखठोक, तुम्हाला थेट उत्तर देते. पातेल्यातल्या पायांची गोष्ट मी शिकाऱ्याला दोष द्यायला सांगितली नाही. उलट त्या माणसाला जे माहीत होतं ते विचारायला जगाने फार उशीर केला, असं माझं म्हणणं आहे. जंगलातल्या जमिनीचं ज्ञान त्याच्याकडे होतं, आणि सिंगचुंगला जे झालं ते त्या ज्ञानाला मान आणि मोबदला दिल्यामुळे झालं. उडझुंग्वाच्या पश्चिमेच्या गावांतही वाटाडे आणि राखणदार तिथलेच असावेत, हाच मार्ग मला खरा वाटतो. धंद्यासाठी उतारच्या उतार बांधून काढणाऱ्याची गोष्ट निराळी आहे, तिथे मी कोयनाकाठ दादांच्या बाजूने आहे.

सिंगापूरकर, चोचीने पान उचलून ठेवण्याची नोंद फार आवडली.

कोयनाकाठ दादांच्या 'आवाज बंद झाला' या वाक्यावर मला एक सुचवायचं आहे. आपल्यापैकी अनेक जण सह्याद्रीत मुक्कामी जातात. कोकत्री दिसली तरच नोंद करायची असं करू नका. पहाटे उजाडण्याच्या सुमारास अर्धा तास एका जागी थांबून ऐका, आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकलेल्या-पाहिलेल्या सगळ्या पक्ष्यांच्या यादीसोबत ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) टाका. कोकत्रीचा आवाज आला नाही तरी ती यादी पूर्ण यादी म्हणून नोंदवा. जिथे पक्षी होता आणि आता नाही, ते फक्त अशा नोंदींमधूनच कळतं. फक्त एक विनंती. रेकॉर्ड केलेला आवाज विणीच्या दिवसांत परत वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नका. जोडी घरटं सोडून भांडायला येते आणि अंडी उघडी पडतात.

साधना_क | सोमवार, रात्री १०:०५

मी पुढच्या महिन्यात महाबळेश्वरला जाते आहे. हॉटेलच्या आसपास ऐकू येईल का? की आत जावं लागेल?

कोयनाकाठ | मंगळवार, सकाळी ६:३५

साधना ताई, आत जायची गरज नाही, आणि अंधारात एकट्याने जाऊही नका, गवे असतात. बाजारपेठेपासून दूर, ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि खाली झुडपं आहेत तिथे उजाडायच्या थोडं आधी उभं राहा. गाड्या सुरू व्हायच्या आत. नुसती उंच झाडं आणि खाली झाडून काढलेली जमीन असेल तर तिथे वेळ घालवू नका. खाली पाचोळा आणि आडोसा दोन्ही हवं. पहिली जोडी ओरडली की उत्तर कोणत्या बाजूने येतं तेवढं लिहून ठेवा, वेळ लिहा, आणि इथे टाका.